जो, जी, जे आणि ‘हू’



मी अकरावीत होतो तेव्हाची गोष्ट. कॉलेजच्या फलकावर एक इंग्रजी सूचना लागली होती. तिचे शब्द मला आजही पाठ आहेत: ‘स्टुडंट्स हू हॅव नॉट सबमिटेड देअर लीव्हिंग सर्टिफिकेट्स नीड नॉट कम फॉर द टेस्ट ऑन मंडे.’ माझ्या मित्राने ती घाईघाईने वाचली. ‘स्टुडंट्स’ त्याला समजले, ‘नीड नॉट कम’ समजले, मधले काहीतरी दाखल्याविषयी आहे एवढे कळले. सोमवारी कोणी यायचे नाही असा अर्थ त्याने लावला आणि तो खालाच्या गावी लग्नाला निघून गेला. त्याने आपला दाखला तर पहिल्याच आठवड्यात दिला होता! सोमवारी चाचणी झाली. त्याच्या नावापुढे शून्य आले. अब्बांची सही आणायला त्याला दोन दिवस धीर झाला नाही.

माझा मित्र आळशी नव्हता. उर्दू आणि मराठी तो उत्तम वाचत असे. मग चूक कोठे झाली?

तीच सूचना मराठीत लिहून पाहा. ‘ज्या विद्यार्थ्यांनी शाळा सोडल्याचा दाखला दिलेला नाही, त्यांनी सोमवारी चाचणीला येऊ नये.’ पहिलाच शब्द आहे ‘ज्या’. तो ऐकताच आपण सावध होतो. सर्व विद्यार्थी नव्हेत, काही ठरावीक विद्यार्थी. कोणते ते आता सांगणार आहेत. मग ‘त्यांनी’ हा शब्द येतो आणि गाठ बसते. उर्दूतही असेच आहे. ‘जिन तलबा ने’ म्हटले की पुढे ‘वो’ येणार, हे आपण धरूनच चालतो. ‘जो’ आणि ‘तो’, ‘जो’ आणि ‘वो’ अशी ही जोडी आहे. मराठी व्याकरणात ‘जो’ला संबंधी सर्वनाम म्हणतात, उर्दू कवायदच्या पुस्तकात तुम्ही त्याला इस्मे मौसूल म्हणून ओळखता.

इंग्रजीत मात्र नाम आधी येते आणि त्याचे वर्णन त्याच्या पाठीमागून येते. ‘स्टुडंट्स’ हा शब्द एकटाच पुढे उभा असतो. कोणते स्टुडंट्स, हे ‘हू’पासून पुढे कळते. इंजिनाच्या मागे डबा जोडावा तसे हे वाक्य नामाला जोडलेले असते. जो वाचक इंजिन पाहून डबा न पाहताच पुढे जातो, त्याची गत माझ्या मित्रासारखी होते.

यावर एक सोपा उपाय आहे. हे वाक्य पाहा: ‘द मॅन हू रिपेअर्स अवर लूम लिव्हज निअर द मॉस्क.’ यात क्रियापदे दोन आहेत, ‘रिपेअर्स’ आणि ‘लिव्हज’. ‘हू’नंतर येणारे पहिले क्रियापद वर्णनाचे आहे. दुसरे क्रियापद आले की वर्णन संपले आणि मुख्य वाक्य पुन्हा सुरू झाले, असे समजावे. पेन्सिलीने ‘हू’पासून ‘लूम’पर्यंत कंस करा. कंसाबाहेर काय उरले? माणूस मशिदीजवळ राहतो. कंसात काय आहे? तो आमचा माग दुरुस्त करतो. आता दोन्ही जोडा: ‘जो माणूस आमचा माग दुरुस्त करतो, तो मशिदीजवळ राहतो.’ वर्णन वाक्याच्या शेवटी आले, तर दुसरे क्रियापद शोधू नका. कंस पूर्णविरामापर्यंत जातो. ‘आय नो द मॅन हू रिपेअर्स अवर लूम’ या वाक्यात असेच आहे.

आता लिहिताना काय होते ते पाहू. वह्या तपासताना मला एक वाक्य वर्षानुवर्षे भेटते: ‘द बॉय हू केम यस्टर्डे ही इज माय ब्रदर.’ यातला ‘ही’ कोठून आला? तो आपल्या ‘तो’मधून आणि ‘वो’मधून आला. ‘जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ आहे’ यात ‘तो’ लागतोच, म्हणून हात आपोआप ‘ही’ लिहितो. पण इंग्रजीत ही जोडी नाही. तेथे एकटा ‘हू’ पुरतो; ‘ही’ खोडून टाका.

निवड करताना इंग्रजी फक्त एवढेच विचारते की माणूस आहे की वस्तू. माणसासाठी ‘हू’, वस्तूसाठी आणि बहुधा प्राण्यांसाठी ‘विच’. ‘दॅट’ दोघांनाही चालतो. मुलगा असो की मुलगी, एक असो की दहा, ‘हू’ बदलत नाही. उर्दूचा ‘जो’ही लिंगाप्रमाणे बदलत नाही. जो लड़का, जो लड़की, जो किताब. मराठीत मात्र असे चालत नाही, आणि येथे तुम्हा मुलांचे खरे गुण जातात. जो मुलगा, जी मुलगी, जे पुस्तक. अनेकवचनात जे मुलगे, ज्या मुली, जी पुस्तके. ‘किताब’ उर्दूत स्त्रीलिंगी, ‘पुस्तक’ मराठीत नपुंसकलिंगी. म्हणून ‘जो पुस्तक मी वाचली’ असे लिहिले की एका वाक्यात दोन चुका होतात. ‘जे पुस्तक मी वाचले, ते चांगले होते’ असे लिहावे.

मालकी दाखवतानाही मराठी जास्त बोलते. ‘द गर्ल हूज फादर सेल्स बँगल्स’ म्हणजे ‘जिचे वडील बांगड्या विकतात ती मुलगी’. मुलगा असता तर ‘ज्याचे वडील’ म्हटले असते. इंग्रजीचा ‘हूज’ दोघांना सारखाच आणि उर्दूचे ‘जिसके वालिद’ही दोघांना सारखेच. ‘जिचे’ या एका शब्दातून मुलगी आहे हे कळते. मला हा मराठीचा गुण फार आवडतो.

तुम्ही म्हणाल, सर, मराठी माणसे तर बोलताना इतके ‘जो-तो’ करीत नाहीत. खरे आहे. ‘काल आलेला मुलगा’, ‘माग दुरुस्त करणारा माणूस’, ‘मी वाचलेले पुस्तक’ असे सुटसुटीत बोलण्याचीच मराठीला सवय आहे. उर्दूतही ‘ठीक करनेवाला’ म्हणतातच. कधी मराठी ‘जो’ गाळते आणि फक्त ‘तो’ ठेवते. ‘तुम्ही सांगितले ते काम केले.’ ‘आम्ही राहतो ती गल्ली.’ या पाठाचे पहिले वाक्य पुन्हा वाचा. त्यात ‘तेव्हा’ आहे, पण ‘जेव्हा’ दिसतो का?

इंग्रजीलाही अशी काटकसर येते, पण तिचा नियम आहे. ‘द पेन आय बॉट’ हे बरोबर आहे, कारण पेन विकत घेतले गेले. घेणारा ‘आय’ तेथे हजर आहे. ‘द बॉय केम यस्टर्डे इज माय ब्रदर’ हे मात्र चूक, कारण येणारा खुद्द मुलगाच आहे. काम करणारा तोच असेल तर ‘हू’ गाळता येत नाही.

राहिला स्वल्पविराम. पुष्कळ मुले तो चटणीसारखी चव म्हणून टाकतात. येथे तसे करू नका. समजा, तुम्ही लिहिले: ‘माय ब्रदर हू वर्क्स इन दुबई केम होम.’ वाचणारा समजतो की तुम्हाला अनेक भाऊ आहेत आणि त्यांपैकी दुबईवाला आला. आता ‘ब्रदर’नंतर एक आणि ‘दुबई’नंतर एक स्वल्पविराम द्या. आता भाऊ एकच आहे. तो दुबईला असतो, ही जाता जाता दिलेली माहिती आहे. मराठीत पहिले वाक्य ‘माझा जो भाऊ दुबईला असतो, तो घरी आला’ असे होईल, तर दुसरे ‘माझा भाऊ दुबईला असतो, तो घरी आला’ असे होईल. असे दोन स्वल्पविराम असतील, तर तेथे ‘दॅट’ वापरत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

आता फलकावरच्या त्या सूचनेत ‘स्टुडंट्स’नंतर आणि ‘सर्टिफिकेट्स’नंतर स्वल्पविराम घालून पाहा. अर्थ असा होईल: विद्यार्थ्यांनी दाखले दिलेले नाहीत, त्यांनी चाचणीला येऊ नये. म्हणजे कोणीच येऊ नये! लिहिणाऱ्या कारकुनाने ती दोन टिंबे काढली असती, तर माझा मित्र बरोबर ठरला असता आणि आम्ही बाकीचे सारे चुकलो असतो. हे मी त्याला पुष्कळ वर्षांनी समजावून सांगितले. तो हसला आणि म्हणाला, “हे तेव्हा अब्बांना सांगायचे होतेस!”

एक वाक्य तुमच्यासाठी ठेवतो: ‘आय गेव्ह अ बिस्किट टू द डॉटर ऑफ द टेलर हू वॉज क्राइंग.’ रडत कोण होते, शिंपी की त्याची मुलगी? इंग्रजीचा ‘हू’ सांगत नाही. वहीत हेच वाक्य दोन्ही अर्थांनी मराठीत लिहा. एकदा ‘जो’ लागेल आणि एकदा ‘जी’.