सत्तर गुणांची परीक्षा

आम्हां शिक्षकांची उत्तरपत्रिका शंभर गुणांची. अमेरिकी नाण्यांची मात्र सत्तरांची! १९४९ साली विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञांनी तेथील जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी श्रेणी बसविली. झिजून जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याची जी किंमत, तिच्या सत्तरपट निर्दोष नाण्याची, असा त्यांचा हिशेब. किमतींचे ते गणित पुढे कोलमडले; गुण मात्र सर्वच नाण्यांना लागू झाले. या परीक्षेत चिंचेने घासून लख्ख केलेले नाणे हटकून मागे पडते, कारण घासण्याने मूळ पृष्ठभागच जातो.

आणि परीक्षक? न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील सरस सेंट शेल्डन यांनी काढून घेतले व जागी हलक्या प्रतीचे ठेवले. जुन्या छायाचित्रांशी नाणी ताडून पाहता ही अदलाबदल उघडकीस आली.