डॉक्टर व्हायचंय, पण सुरुवात कम्युनिटी कॉलेजातून? अमेरिकेतली ही स्वस्त वाट नेमकी कुठे अडते?

डॉक्टर व्हायचं ठरवलेल्या अमेरिकी मुलांच्या घरी बारावीच्या वर्षात एक हिशेब मांडला जातो. चारही वर्षं विद्यापीठात शिकायचं, की पहिली दोन वर्षं घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात काढून मग विद्यापीठात बदली घ्यायची? दुसऱ्या वाटेनं हजारो डॉलर वाचतात. पण पुढे मेडिकल स्कूलच्या प्रवेश समितीनं ‘रसायनशास्त्र तिथे शिकलात?’ म्हणून नाक मुरडलं तर?

आपल्याकडे हा प्रश्न पडत नाही. नीटमध्ये गुण मिळाले की विद्यार्थी थेट एमबीबीएसच्या वर्गात बसतो. अमेरिकेत काही मोजके एकत्रित अभ्यासक्रम सोडले तर आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही परीक्षा, त्यानंतर मेडिकल स्कूलची चार वर्षं आणि मग किमान तीन वर्षांची रेसिडेन्सी अशी साखळी आहे. ‘प्रीमेड’ नावाची वेगळी पदवी नसते. पदवी इतिहासाची घेतली तरी चालते. मात्र जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसह झालेले असावे लागतात. अनेक ठिकाणी बायोकेमिस्ट्री, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्रही मागतात. हेच विषय कुठे शिकायचे, यावर सगळा वाद आहे.

पैसे किती वाचतात?

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं, बहुधा सरकारी, स्थानिक कॉलेज. इलिनॉयमधलं १९०१ साली सुरू झालेलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज हे आज चालू असलेलं सर्वांत जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज. इथे प्रवेशाची चुरस जवळपास नसते आणि संध्याकाळचे वर्गही भरतात. नोकरी सांभाळून शिकणारे, तिशीतले पालक आणि नुकतेच शाळेतून आलेले एकाच बाकावर बसतात.

कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशांना एका युनिटला ४६ डॉलर शुल्क पडतं. अर्ध्या पदवीची ६० युनिट धरली तर दोन वर्षांचे २,७६० डॉलर. त्याच राज्यातल्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे यूसीमध्ये, रहिवाशाला एका वर्षाचंच शुल्क १४ हजार डॉलरच्या पुढे जातं. घरी राहून वाचणारं भाडं आणि जेवणाचा खर्च वेगळाच.

वाचलेल्या पैशाला आता आणखी वजन आलं आहे. मेडिकल स्कूलच्या चार वर्षांचा राहण्या-खाण्यासह एकूण खर्च बऱ्याच ठिकाणी अडीच लाख डॉलर ओलांडतो. आजवर ‘ग्रॅड प्लस’ या सरकारी कर्जातून पूर्ण खर्च भागवता येत होता. २०२५ च्या कायद्यानं १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ती सोय बंद केली. वैद्यकीयसारख्या व्यावसायिक पदवीसाठी सरकारी कर्जाची मर्यादा आता वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर आहे. वरची रक्कम खासगी कर्जातून किंवा घरातून उभी करावी लागेल. अशा वेळी पदवीतच पैसे संपवून बसणं अनेक कुटुंबांना परवडणारं नाही.

क्रेडिट हरवतात कशी?

स्वस्त वाट महाग पडते ती बदली घेताना. अमेरिकी संसदेसाठी लेखापरीक्षण करणाऱ्या जीएओ या संस्थेनं २०१७ च्या अहवालात म्हटलं होतं की २००४ ते २००९ दरम्यान कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट नव्या ठिकाणी धरली गेली नाहीत. या आकड्यात सगळ्या प्रकारच्या बदल्या आहेत. तरी धडा प्रीमेडलाही लागू होतो, किंबहुना जास्तच. कारण इथले विषय एकमेकांवर उभे असतात.

समजा, एखाद्या विद्यार्थिनीचं सामान्य रसायनशास्त्राचं वर्ष विद्यापीठानं मान्य केलं नाही. मग सेंद्रिय रसायनशास्त्र तिसऱ्या वर्षाऐवजी चौथ्या वर्षी जातं, बायोकेमिस्ट्री त्याच्याही पुढे ढकलली जाते, आणि एमकॅटमध्ये तर बायोकेमिस्ट्रीवर भरपूर प्रश्न असतात. मेडिकल स्कूलचा अर्ज प्रवेशाच्या साधारण वर्षभर आधी, मे-जूनमध्ये भरायचा असतो. एक विषय अडकला की पूर्ण वर्ष जातं. विद्यापीठात एक वर्ष जास्त राहिलं की कम्युनिटी कॉलेजातल्या बचतीचा मोठा भाग तिथेच संपतो.

म्हणून पहिल्या वर्गाची नोंदणी करण्याआधी बदलीचा नकाशा हातात हवा. कॅलिफोर्नियात ‘असिस्ट’ ही सरकारी वेबसाइट कुठल्या कॉलेजातला कुठला वर्ग यूसीच्या कुठल्या वर्गाबरोबर धरला जातो हे दाखवते. तिथे एक बारीक गोष्ट नजरेतून सुटते: सेंद्रिय रसायनशास्त्रासारखी मालिका बहुतेकदा अख्खी धरली जाते. अर्धी इथे आणि अर्धी तिथे केली तर ती नीट जुळेलच असं नाही. यूसीचे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस अटी पूर्ण करणाऱ्यांना बदलीची हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत.

मेडिकल स्कूल खरंच नाक मुरडतात?

काही मुरडतात, आणि ते लपवतही नाहीत. अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना एएएमसी दरवर्षी प्रत्येक मेडिकल स्कूलच्या अटींची यादी प्रसिद्ध करते. कम्युनिटी कॉलेजची क्रेडिट चालतात की नाही, हेही त्यात कळतं. अनेक ठिकाणी चालतात. काही ठिकाणी चालतात, पण विज्ञानाचे विषय चार वर्षांच्या विद्यापीठात झालेले असल्यास बरं, असं सुचवलेलं असतं.

पण समितीच्या दृष्टीनं खरा फरक कॉलेजच्या नावात नसतो, क्रमात असतो. एक विद्यार्थी कम्युनिटी कॉलेजातून सुरुवात करतो, तिथे रसायनशास्त्र करतो, आणि विद्यापीठात गेल्यावर बायोकेमिस्ट्री, शरीरक्रियाशास्त्र यांसारखे वरचे विषय चांगल्या गुणांनी पार करतो. त्याच्याबद्दल शंका घ्यायला फारशी जागा उरत नाही. दुसरा आधीपासून विद्यापीठातच आहे, पण उन्हाळ्यात सेंद्रिय रसायनशास्त्र तेवढं शेजारच्या कम्युनिटी कॉलेजात उरकून घेतो. वर्ग तोच, कदाचित शिक्षकही तेच, पण दुसऱ्यानं अवघड विषय चुकवला असा अर्थ काढला जाऊ शकतो. त्याची खरी अडचण पैशांची असेल, तर ती अर्जात स्पष्ट लिहिलेली बरी.

ही वाट दुर्मीळ मुळीच नाही. २०१२ च्या अर्जदारांवरच्या एका अभ्यासात, मेडिकल स्कूलमध्ये प्रवेश मिळालेल्यांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक जण कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर कम्युनिटी कॉलेजात शिकलेले आढळले. शाळेत असताना तिथे एखादा वर्ग केलेलेही त्यात आले, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

जुने गुण पुसले जात नाहीत

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. बदली झाल्यावर बरीच विद्यापीठं फक्त क्रेडिट घेतात, गुणांची सरासरी नव्यानं सुरू करतात. विद्यार्थ्याला वाटतं, मागचं मागे पडलं. पण मेडिकल स्कूलचा सामाईक अर्ज प्रत्येक कॉलेजची गुणपत्रिका मागतो आणि सरासरी स्वतः काढतो. जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांची वेगळी सरासरीही निघते. एखाद्या विषयात आधी सी आला आणि तो पुन्हा करून ए मिळवला, तरी दोन्ही धरले जातात, म्हणजे सरासरी बी. ऑस्टिओपॅथिक कॉलेजं पूर्वी नवा गुण जुन्याच्या जागी धरत, तेही २०१७ पासून थांबलं. शाळेत असताना हौसेनं केलेला कॉलेजचा वर्गसुद्धा यातून सुटत नाही. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी चारपैकी ३.७५ च्या पुढे असते, तेव्हा पहिल्या सत्रातला एक सी बरीच वर्षं पाठपुरावा करतो.

उलट धोका बदलीनंतरच्या पहिल्या सत्रात असतो. तीस जणांच्या वर्गातून तीनशे जणांच्या सभागृहात गेल्यावर गुण घसरतात. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ त्याला १९६० च्या दशकापासून ‘ट्रान्सफर शॉक’ म्हणतात. त्या सत्रात सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र एकत्र घेणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं. शिफारसपत्रांचंही तसंच. विज्ञानाच्या प्राध्यापकांची पत्रं लागतात, आणि नव्या विद्यापीठात ओळख व्हायला जेमतेम वर्ष-दीड वर्ष मिळतं. कम्युनिटी कॉलेजात ज्यांनी नावानिशी ओळखलं, त्या शिक्षकांकडून निघण्यापूर्वीच पत्राबद्दल बोलून ठेवलेलं उपयोगी पडतं.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी कुटुंबांसाठी यात व्हिसाची एक गाठ आहे. आई-वडिलांच्या एच-१बी वर अवलंबून असलेल्या मुलाचा एच-४ दर्जा २१ व्या वर्षी संपतो, आणि तोवर ग्रीन कार्ड आलं नाही तर बहुतेकांना विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. कम्युनिटी कॉलेज त्या व्हिसावरही शिकवतं. पण सरकारी कर्ज मिळत नाही, आणि परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी मेडिकल स्कूल मोजकीच आहेत. या घरांमध्ये कॉलेज निवडण्याआधी ती यादी पाहावी लागते.