ज्यू धर्मसंगीतातील समन्वय : मफ्तिरीम आणि बेने इस्राएली कीर्तन

धर्माशय स्वतःचा आणि गायनाची रीत शेजाऱ्याची, असा समन्वय ज्यू धर्मसंगीतात अनेक ठिकाणी आढळतो. ऑटोमन साम्राज्यातील ‘मफ्तिरीम’ आणि महाराष्ट्रातील बेने इस्राएली कीर्तन ही त्याची दोन लक्षणीय उदाहरणे होत.

मफ्तिरीम : सतराव्या शतकापासून एदिर्ने येथील सिनेगॉगमध्ये शनिवारी सकाळी पुरुषांचा गायकवृंद हिब्रू स्तोत्रे गात असे. शब्बाथच्या दिवशी वाद्ये वर्ज्य असल्याने हे गायन निव्वळ कंठाचे होते. रचना मात्र तुर्की ‘मकाम’मध्ये, म्हणजे रागसदृश स्वरचौकटीत, बांधलेल्या असत. मेवलेवी सूफींशी असलेल्या सहवासातून ही शैली समृद्ध झाली. तत्पूर्वी इस्राएल नाजारा यांनी तुर्की व अरबी चालींवर हिब्रू गीते रचली होती. त्यांचा संग्रह १५८७ मध्ये साफेद येथे छापला गेला.

बेने इस्राएली कीर्तन : कोकणातील बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची भाषा मराठी. हिब्रू समजणारे थोडे. १८८० च्या सुमारास मुंबईत त्यांनी हरिदासी कीर्तनाचा साचा स्वीकारला. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने ओवी, साकी, दिंडी व पदांतून रचली गेली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे आरंभीच्या रचनाकारांपैकी एक होत.

निष्कर्ष : मफ्तिरीमने सूर स्वीकारून हिब्रू राखली, कीर्तनाने धर्मकथाच मराठीत आणली. हेच कीर्तनाचे बळ होते आणि हीच त्याची मर्यादा ठरली. १९४८ नंतर बहुसंख्य समाज इस्राएलला स्थलांतरित झाला व नव्या पिढीची भाषा हिब्रू झाली. परिणामी या आख्यानांच्या संहिता आणि चाली जतन करणे हे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांचेही दायित्व ठरते.