कारभारातील खंड

एक राजा गेला आहे आणि दुसरा गादीवर यावयाचा आहे, अशा मधल्या काळास रोमन लोक ‘इंटररेग्नम’ म्हणत. शब्द अगदी साधा: दोन राजवटींच्या मधला काळ. त्या काळात बरे होते की वाईट, याविषयी तो शब्द मौन धरतो. आमच्या मराठीत या प्रसंगासाठी शब्दांचा तुटवडा नाही. अडचण अशी की त्यांपैकी एकही मौन धरीत नाही. ‘अराजक’ हाच शब्द घ्या. व्युत्पत्तीने त्याचा अर्थ एवढाच की राजा नाही. परंतु दशरथाच्या मृत्यूनंतर, भरत आजोळाहून परतण्यापूर्वी, अयोध्येतील वडीलधारी मंडळी वसिष्ठांपुढे जे गाऱ्हाणे मांडतात ते वाचकांस ठाऊक असेलच: राजाविना पाऊस पडत नाही आणि दूरदेशी जाणाऱ्या व्यापाऱ्यास वाट निर्धोक राहत नाही. अशा वर्णनांनी त्या शब्दास जो लुटालुटीचा वास लागला तो गेलाच नाही. ‘निर्नायकी’ आणि ‘बेबंदशाही’ यांचीही तीच गत. ‘मोगलाई’ तर आम्ही धडधडीत बादशहा गादीवर असतानाच्या काळावरून बनविली आहे!

याहून मौजेची गोष्ट ‘बारभाई’ या शब्दाची. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादा पेशवे होऊन बसले, पण कारभाऱ्यांनी त्यांस मानले नाही. सखारामबापू, नाना फडणीस प्रभृतींनी गरोदर गंगाबाईस पुरंदरावर नेऊन तिच्या नावाने राज्य चालविले. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मास आले आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बालकास पेशवाईची वस्त्रे मिळाली. पुढे इंग्रजांशी युद्ध झाले, तेही या मंडळींनी निभावले. इतके करून भाषेने त्यांस बक्षीस काय दिले? ‘बारभाईचा कारभार’ म्हणजे गोंधळ, आणि बारभाईच्या शेतीत हाती काही लागावयाचे नाही! गादी रिकामी असेल तर घोटाळा असलाच पाहिजे, हा आमच्या भाषेचा हट्ट आहे.

या हट्टाचे फळ पिंपरी-चिंचवडकरांनी नुकतेच भोगले. येथील महानगरपालिकेच्या १२८ नगरसेवकांची मुदत १३ मार्च २०२२ रोजी संपली. ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकला. नवी निवडणूक झाली नाही, आणि आयुक्त हेच प्रशासक झाले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. म्हणजे तीन वर्षे दहा महिने! मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पुरी व्हावी असे राज्यघटना सांगते. रोमन सेनेटचा मधल्या काळातील अधिकारी पाच दिवसांपुरता असे, आणि पुढील निवड घडवून आणणे हेच त्याचे मुख्य काम असे.

या काळात अराजक माजले होते काय? मुळीच नाही. कर वसूल होत होता, रस्ते खोदले जात होते व बुजविलेही जात होते. म्हणून तर कोणास काही चुकल्यासारखे वाटले नाही. ‘कामे होताहेत ना, मग नगरसेवक हवेत कशाला?’ हा प्रश्न बाजारपेठेत आम्ही पुष्कळदा ऐकला. लुटालूट नाही त्या अर्थी गादी रिकामी नाही, असा तो उलटा न्याय होता.

वस्तुतः रिकामी होती ती विचारणाऱ्याची जागा. खर्चाचा प्रस्ताव आयुक्तांनी मांडावा व सोळा जणांच्या स्थायी समितीने त्यास मंजुरी द्यावी, ही कायद्याची रीत. या काळात मागणारा आणि देणारा एकच झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीतील भंगाराची दुकाने, गोदामे व लहान कारखाने अशी हजारो बांधकामे पाडण्यात आली. ती अनधिकृत होती, पाडणे योग्यच होते, असे कोणी म्हणेल. त्या वादात आम्ही पडत नाही. परंतु दोन्ही बाजू ज्या सभागृहात उघडपणे बोलल्या गेल्या असत्या त्यास कुलूप होते. त्याच वर्षी मे महिन्यात नव्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. हजारो हरकती आल्या. पण ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडले त्याने दाद मागावी अशा आपल्या प्रभागाच्या प्रतिनिधीचे दारच नव्हते. शेजारच्या चाकण व आळंदीच्या नगरपरिषदांतही दीर्घकाळ प्रशासकच होते.

मग या काळास म्हणावे काय? ‘प्रशासकीय राजवट’ हा सरकारी शब्द खोटा नाही, पण तो भरलेली खुर्ची दाखवितो व रिकामी झाकतो. आमच्या मते येथे ‘खंड’ हा शब्द योजावा. देहू-आळंदीच्या या मुलुखात तो कोणास शिकवावा लागणार नाही. वारीत खंड पडला असे वारकरी म्हणतो, तेव्हा पंढरपूर बुडाले असा त्याचा अर्थ नसतो. जे नेमाने व्हावयाचे ते झाले नाही, आणि त्याची रुखरुख आहे, एवढाच असतो. शिवाय या शब्दास दुसरा अर्थही आहे. आपली जमीन ठराविक मोबदल्यावर दुसऱ्यास कसावयास देणे, यास खेड-मावळचा शेतकरी ‘खंडाने देणे’ म्हणतो. फरक इतकाच की तो मुदत आधी ठरवून घेतो.

आता निवडणूक होऊन गेली आहे. नव्या नगरसेवकांनी १३ मार्च २०२२ नंतर प्रशासकांच्या एकट्याच्या सहीने झालेल्या ठरावांची यादी मागवावी. त्यांतील मोठ्या रकमांचे ठेके आणि ज्यांची देणी पुढील कित्येक वर्षे महापालिकेवर राहावयाची आहेत ते करार सर्वसाधारण सभेपुढे वाचून घ्यावेत. ही यादी मराठीत छापून प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात नागरिकांस पाहावयास ठेवावी. बारभाईंच्या काळचे हिशेब पुण्याच्या पेशवे दप्तरात अभ्यासकांस आजही पाहावयास मिळतात.