फिनलंडची शालेय शिक्षणव्यवस्था : मुलांच्या वाटा केव्हा वेगळ्या व्हाव्यात?

कोणत्याही देशाची शिक्षणव्यवस्था समजून घ्यावयाची तर तेथे इयत्ता किती, परीक्षा किती व कारभार कोणत्या खात्याकडे, एवढी माहिती गोळा करून भागत नाही. या सर्व रचनेच्या मुळाशी एक प्रश्न असतो. एकाच गावात वाढणारी व एकाच वर्गात बसणारी मुले पुढे कोणत्या वयात निरनिराळ्या वाटांनी जावयाची, आणि त्या वाटा ठरवावयाच्या कोणी? उत्तर युरोपातील फिनलंड या देशाने या प्रश्नाचे एक उत्तर कित्येक दशके अमलात आणले. पुढे ते अन्यायाचे आहे असे त्याला दिसून आले, आणि त्याने विचारपूर्वक दुसरे उत्तर स्वीकारले. म्हणून तेथील रचनेचा परिचय प्राथमिक शिक्षकांना उपयुक्त वाटेल.

शाळा गावापर्यंत कशी पोहोचली

फिनलंड क्षेत्रफळाने महाराष्ट्राहून थोडा मोठा आहे; लोकसंख्या मात्र सुमारे 56 लक्ष, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी. देशाचा बराचसा भाग अरण्ये व सरोवरे यांनी व्यापलेला असून हिवाळा दीर्घ व कडक असतो. 1809 ते 1917 या काळात हा देश रशियाच्या सत्तेखाली होता. तेथील लोकशाळांची उभारणी उनो सिग्नेउस या शिक्षणतज्ज्ञाच्या हातून झाली. 1863 मध्ये युवॅस्क्युला येथे फिनिश भाषेतून शिक्षक तयार करणारे पहिले अध्यापक विद्यालय निघाले व 1866 मध्ये लोकशाळांविषयीचा हुकूम जारी झाला. आधी शिक्षक तयार करावयाचे आणि मग शाळा वाढवावयाच्या, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

1898 च्या हुकुमाने प्रत्येक ग्रामीण पालिकेला आपल्या हद्दीचे शालाविभाग पाडणे भाग पडले. कोणत्याही मुलाला शाळेसाठी सामान्यतः पाच किलोमीटरांहून अधिक चालावे लागू नये, असा त्यामागील दंडक होता. 1921 मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. तथापि विरळ वस्तीच्या भागात त्याचा पूर्ण अंमल होण्यास पुष्कळ वर्षे लागली. 1943 च्या कायद्याने लोकशाळांतील सर्व मुलांना मोफत भोजन देण्याचे ठरले व 1948 पासून ते प्रत्यक्षात आले. युद्धाने देश जर्जर झालेला असता हा निर्णय झाला. मुलांनीही शाळेच्या स्वयंपाकघरासाठी भाजीपाला पिकविण्यास व रानातील फळे गोळा करण्यास हातभार लावावा, अशी त्यात अपेक्षा होती.

अकराव्या वर्षीची निवड

शाळा सर्वत्र झाल्या, परंतु मुलांची वाट फार लवकर दुभंगत असे. लोकशाळेची चार वर्षे संपली की, म्हणजे साधारण अकराव्या वर्षी, मुलाने प्रवेशपरीक्षा देऊन माध्यमिक विद्यालयात जावयाचे. ही आठ वर्षांची विद्यालये विश्वविद्यालयाकडे नेणारी असत. त्यांपैकी अनेक खाजगी होती, तेथे शुल्क द्यावे लागे, आणि ती बहुधा शहरांत वा मोठ्या गावांत असत. ज्यांना तेथे प्रवेश मिळत नसे, अथवा ज्यांच्या पालकांना शुल्क व मुलाला परगावी ठेवण्याचा खर्च झेपत नसे, ती मुले लोकशाळेतच उरलेल्या इयत्ता पुऱ्या करीत. उच्च शिक्षणाचा दरवाजा त्यांना बहुतांशी बंदच होई.

वरवर पाहता ही निवड गुणांवर होत असे. वस्तुतः तीत बापाचा व्यवसाय, घरातील पुस्तके आणि शाळेपासूनचे अंतर यांचाही हिशेब गुपचूप होत होता. अकरा वर्षांच्या मुलाची कुवत अजून उमलावयाची असते. त्या वयात त्याला एका बाजूस सारणे म्हणजे पेरणी झाल्यावर पंधरा दिवसांतच पिकाची आणेवारी काढण्यासारखे होय.

समान शाळेचा निर्णय

दुसऱ्या महायुद्धानंतर माध्यमिक शिक्षणाची मागणी झपाट्याने वाढली. 1963 मध्ये संसदेने सर्वांसाठी एकच नऊ वर्षांची शाळा असावी हे तत्त्व मान्य केले व 1968 मध्ये त्याचा कायदा झाला. विरोधही मोठा होता. सर्व मुले एकत्र बसविल्यास हुशार मुलांचे नुकसान होईल व शिक्षणाचा दर्जा खालावेल, असे आक्षेप घेण्यात आले.

अंमलबजावणीचा क्रम मोठा मार्मिक होता. आरंभ राजधानीपासून न करता 1972 मध्ये अगदी उत्तरेकडील लॅपलंडपासून करण्यात आला, आणि 1977 मध्ये ही व्यवस्था दक्षिणेस हेलसिंकीच्या परिसरापर्यंत आली. जेथे माध्यमिक विद्यालये सर्वात कमी होती, तेथे नव्या शाळेची गरज सर्वात अधिक होती.

जुनी वर्गवारी मात्र एकदम सुटली नाही. नव्या शाळेच्या वरच्या इयत्तांत गणित व परभाषा हे विषय कुवतीनुसार निरनिराळ्या स्तरांच्या गटांत शिकविले जात. खालच्या गटातील मुलांना पुढील शिक्षणाचे काही मार्ग मिळत नसत. म्हणजे एका छपराखाली पुन्हा दोन शाळाच झाल्या. हा दोष ध्यानात आल्यावर 1985 मध्ये हे स्तर बंद करण्यात आले. शाळा एक होऊन भागत नाही, वर्गही एक व्हावा लागतो, हा धडा घेण्यास अशी तेरा वर्षे लागली.

आजची रचना

मुलाच्या वयाच्या सहाव्या वर्षी एक वर्षाचे पूर्वप्राथमिक शिक्षण असते. 2015 पासून ते सक्तीचे आहे. सातव्या वर्षी मूल पहिलीत येते. पहिली ते नववी ही समान मूलभूत शाळा होय. पहिली ते सहावीपर्यंत बहुतेक विषय वर्गशिक्षकच शिकवितात, तर सातवी ते नववीत प्रत्येक विषयास त्या त्या विषयाचा शिक्षक असतो. शिक्षण, पुस्तके, भोजन व आरोग्यसेवा विनामूल्य असतात. पाच किलोमीटरांहून दूर राहणाऱ्या मुलाची ने-आण करण्याचा खर्च पालिकेवर असतो. 1898 चा तो दंडक वेगळ्या रूपाने अजून जिवंत आहे, असे म्हणावयास हरकत नाही. फिनिश व स्वीडिश या दोन्ही राष्ट्रभाषांतून शाळा चालतात, आणि उत्तरेकडील सामी लोकांच्या प्रदेशात सामी भाषेतूनही शिक्षण देण्यात येते.

या नऊ वर्षांत सर्व मुलांची म्हणून एकही राष्ट्रीय परीक्षा नाही. आरंभीच्या इयत्तांत प्रगती शब्दांत कळविली तरी चालते. चौथीपासून मात्र 4 ते 10 असे अंक देतात, व त्यांत 4 म्हणजे अनुत्तीर्ण. नववीचे अंतिम प्रमाणपत्र शाळेचे शिक्षकच देतात. देशातील शिक्षणाची एकंदर स्थिती अजमावण्यासाठी काही निवडक शाळांतून चाचण्या घेण्यात येतात. त्यांवरून शाळांचा क्रम लावून तो प्रसिद्ध केला जात नाही.

वाटा वेगळ्या होतात त्या सोळाव्या वर्षी. एक मार्ग सामान्य उच्च माध्यमिक शाळेचा, तर दुसरा व्यवसाय शिक्षणाचा. पहिल्याच्या शेवटी एक राष्ट्रीय परीक्षा असते. तिचा उगम 1852 मधील विश्वविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत आहे. व्यवसाय शिक्षण पुरे केलेल्या विद्यार्थ्यालाही विश्वविद्यालयात प्रवेशासाठी अर्ज करता येतो. अर्थात कोणतीही वाट भिंतीशी जाऊन संपू नये, ही त्यातील योजना आहे. 2021 पासून सक्तीच्या शिक्षणाची मर्यादा अठराव्या वर्षापर्यंत वाढविण्यात आली आहे.

कारभार कोणाकडे

कायदे, विषयांचे तास व पैसा यांचा विचार शासन व संसद करतात. राष्ट्रीय शिक्षण अभिकरण अभ्यासक्रमाचा मूलाधार तयार करते. तो साधारण दहा वर्षांनी नवा होतो. सध्याचा 2014 मध्ये तयार झाला व 2016 पासून लागू आहे. शाळा चालविण्याची जबाबदारी मात्र सुमारे तीनशे पालिकांची आहे. राष्ट्रीय मूलाधारावर पालिका आपला स्थानिक अभ्यासक्रम रचते व त्यात शिक्षकांचा सहभाग असतो. 1990 नंतरच्या काही वर्षांत शाळातपासणीची जुनी पद्धती बंद झाली, आणि पाठ्यपुस्तकांना शासनाची पूर्वमान्यता घेण्याचे बंधनही गेले.

शिक्षकावर एवढा विश्वास टाकण्यापूर्वी त्याची तयारीही तशीच करण्यात आली, हे येथे विसरून चालणार नाही. 1970 नंतरच्या दशकात शिक्षकांचे प्रशिक्षण विश्वविद्यालयांकडे सोपविण्यात आले व 1979 पासून प्राथमिक वर्गशिक्षकालाही पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली. तपासणी उठली ती त्यानंतर. नुसता विश्वास उचलून न्यावयाचा आणि तयारी मागे ठेवावयाची, असे करून कोठेही फळ येणार नाही.

मागे पडणाऱ्या मुलाची व्यवस्था

सर्व कुवतीची मुले नऊ वर्षे एका वर्गात ठेवावयाची, तर मागे पडणाऱ्याचे काय, हा प्रश्न उरतोच. फिनलंडचे उत्तर असे की, मदत लवकर द्यावी व ती शाळेतच द्यावी. एखादे मूल वाचनात अडखळू लागले की वर्गशिक्षक त्याला शाळेच्या वेळेच्या आगेमागे थोडा वेळ शिकवितो. अडचण टिकून राहिली तर विशेष शिक्षक त्याला आठवड्यातील काही तास लहान गटात घेतो अथवा वर्गातच त्याच्याजवळ बसतो. या मदतीसाठी आधी वैद्यकीय दाखला आणावा लागत नाही. वर्गातील अनेक मुलांना केव्हा ना केव्हा असे साहाय्य मिळते, त्यामुळे ते घेण्यात कमीपणा राहात नाही. 2011 मध्ये या मदतीच्या तीन पायऱ्या कायद्याने आखून दिल्या होत्या. ऑगस्ट 2025 पासून तिची फेररचना होऊन गटाला द्यावयाची मदत व एकेका मुलाला द्यावयाची मदत अशी विभागणी करण्यात आली आहे.

दुसरी बाजू

निरनिराळ्या देशांतील पंधरा वर्षे वयाच्या मुलांची तुलना करणारी पिसा ही चाचणी 2000 मध्ये प्रथम झाली, आणि वाचनात फिनलंड अग्रस्थानी आला. दर्जा खालावेल हे जुने भाकीत खोटे ठरले. तथापि त्यानंतरचा इतिहास सांगितल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. याच चाचणीत गणितातील सरासरी 2006 मध्ये 548 होती, ती 2022 मध्ये 484 वर आली. सुस्थितीतील व गरीब घरांतील मुलांमधील अंतर वाढले. मोठ्या शहरांत ठरावीक विषयांवर भर देणाऱ्या तुकड्यांसाठी प्रवेशचाचण्या होतात, त्यामुळे निवड मागील दाराने परत येत असल्याची टीका तेथे होते. ग्रामीण भागात जन्मप्रमाण घटल्याने लहान गावांतील अनेक शाळा बंद पडल्या आहेत. तेव्हा समता एकदा कायदा करून कायमची मिळत नाही. ती प्रत्येक पिढीला, किंबहुना प्रत्येक वर्षी पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी, पुन्हा मिळवावी लागते.

आपल्या शाळेच्या संदर्भात

फिनलंडची साधनसंपत्ती व आपली परिस्थिती यांत पुष्कळ अंतर आहे. चार इयत्ता एकाच वेळी सांभाळणाऱ्या द्विशिक्षकी शाळेतील शिक्षकाला तेथील विशेष शिक्षकाचे वर्णन वाचून उसासा टाकावासा वाटला तर ते स्वाभाविकच आहे. परंतु काही साम्यही आहे. तेथे पालिका, तसे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात 1962 पासून जिल्हा परिषदा प्राथमिक शाळांचा भार वाहात आहेत. अंतराचा दंडक आपल्याकडेही आहे : 2009 च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याखालील नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक व सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरांच्या आत शाळा असावी असे ठरविले आहे.

आपल्याकडे अकराव्या वर्षी प्रवेशपरीक्षा घेऊन मुलांची फाळणी होत नाही, हे खरे. पण ती दुसऱ्या रीतीने होते, आणि पुष्कळदा त्याहूनही आधी होते. पुढच्या ओळीत हुशार मुले बसतात व मागे भिंतीशी नेहमीची चार मुले बसतात. प्रश्न विचारावयाचा तो पुढच्यांना. मागील मुलांपैकी एखाद्याला दुसरीतच ‘ढ’ म्हटले जाते, आणि पाचवीपर्यंत त्याला स्वतःलाच ते पटलेले असते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे मूल चार महिन्यांनी परत येते, तेव्हा त्याचे नाव पटावर असते, पण वर्गाच्या वाटेवरून ते केव्हाच बाजूला झालेले असते. अशी निवड करण्यास कोणताही कायदा लागत नाही. ती शिक्षकाच्या नकळत होते. म्हणून ती थांबविणेही बहुतांशी शिक्षकाच्याच हाती आहे.

त्यासाठी फार साधने लागतात असे नाही. बसण्याच्या जागा दर आठवड्यास बदलता येतात. कोणते मूल कोणत्या अक्षराशी वा कोणत्या वजाबाकीशी अडले, याची नोंद एका वहीत ठेवता येते, आणि परीक्षेची वाट न पाहता त्याच आठवड्यात दहा मिनिटे त्याच्याजवळ बसता येते. वरच्या इयत्तेतील मुलाकडून खालच्याला वाचून घ्यावयास सांगता येते. अनेक इयत्तांच्या एकत्र वर्गात तर ही सोय आपोआपच असते. स्थलांतरावरून परतलेल्या मुलाला कोठवर येते हे पहिल्याच दिवशी पाहून, तेथून त्याची सुरुवात करता येते.

फिनलंडने मुलांच्या वाटा सोळाव्या वर्षापर्यंत वेगळ्या न करण्याचे ठरविले आणि ते साधण्यासाठी शिक्षक, पैसा व कायदा उभा केला. यांपैकी पैसा व कायदा या गोष्टी वर्गशिक्षकाच्या अखत्यारीतील नव्हेत. परंतु भिंतीशी बसलेल्या मुलाला कोणता प्रश्न विचारावयाचा, आणि त्याच्या उत्तरासाठी किती थांबावयाचे, हे मात्र त्याने स्वतःच रोज ठरवावयाचे असते.