बीदरच्या गल्ल्यांतील छायाप्रकाश

जनवाड्याहून बीदर जवळच. वाचकांनी सवडीच्या एखाद्या सकाळी कॅमेरा, निदान खिशातील मोबाईल, घेऊन हे शहर पायी हिंडावे. महमूद गवानाने १४७२ मध्ये उभारलेल्या मदरशाचे दर्शनी अंग पूर्वाभिमुख आहे. १६९६ च्या स्फोटातून बचावलेल्या एकुलत्या मिनारावरील रंगीत फरशा कोवळ्या उन्हात उजळतात. पुढे चौबाऱ्याच्या वर्तुळाकार मनोऱ्यापाशी घटकाभर उभे राहिले, की कन्नड, उर्दू आणि मराठी एकदमच कानी पडतात.

वास्तू उद्याही तेथेच असतील; माणसे असतीलच असे नाही. म्हणून बिदरी कारागिराच्या दुकानापाशी थांबावे. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर कोरलेल्या नक्षीत तो चांदीची तार ठोकून बसवितो. मग किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या द्रावणात धातू काळा होतो, चांदी तेवढी शुभ्र राहते. हे जपणारे हात विरळ होत आहेत. त्यांचे चित्र अवश्य घ्यावे. मात्र आधी संमती विचारावी आणि पुढच्या खेपेस एक प्रत नेऊन द्यावी. त्याने घडविलेली भांडी दूरदेशी जातात. त्याच्या घरी त्या हातांचे एखादे चित्र तरी राहावे.