फ्लायवेट आकृतिबंध : देवनागरी मजकुराच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : ऑब्जेक्ट, स्मृती, अंगभूत स्थिती, बाह्य स्थिती, देवनागरी

प्रस्तावना :
संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात डिझाईन पॅटर्न्सचा समावेश असला, तरी विद्यार्थी त्यांच्या व्याख्या पाठ करतात आणि उपयोजन बाजूला राहते. एरिक गॅमा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन व जॉन व्लिसिडेस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात २३ आकृतिबंध वर्णिले आहेत. त्यांपैकी ‘फ्लायवेट’ या आकृतिबंधाचे मराठी मजकुराच्या आधारे विवेचन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

खिळ्यांची जुळणी व संगणक :
जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला. अशा छापखान्यांत एका पृष्ठावर एखादे अक्षर शंभर वेळा आले, तर त्याचे शंभर खिळे लागत. खिळा ओतण्याचा साचा मात्र एकच असे. संगणकाला खिळ्यांची गरज नाही. साचा एकच ठेवून तो कोठे उमटवावयाचा एवढी नोंद पुरते. फ्लायवेटचे सार यातच आहे.

‘टेंभी नाका ठाणे’ ही अक्षरे युनिकोडमध्ये साठविल्यास अंतरांसह १५ संकेत लागतात. परंतु त्यांत भिन्न संकेत ११ च आहेत. काना तीनदा, तर एक मात्रा व अंतर प्रत्येकी दोनदा येते. इतक्या लहान पाटीतही पुनरावृत्ती आहे. ग्रंथात ती किती असेल, याची कल्पना करता येईल.

स्थितीचे विभाजन :
अक्षराचा आकार ही त्याची अंगभूत स्थिती होय. ती सर्वत्र सारखीच असते. पृष्ठावरील स्थान व रंग ही बाह्य स्थिती होय. ती वापरणाऱ्याने पुरवावयाची असते. मागितलेला आकार अगोदर तयार असल्यास तोच देणे, नसल्यास निर्माण करून जपून ठेवणे, हे काम ‘फॅक्टरी’ करते.

समजा, मजकुरात १,००,००० अक्षरे आहेत, प्रत्येक आकारास ४०० बाइट व स्थानास ८ बाइट लागतात. स्वतंत्र ऑब्जेक्ट केल्यास ४,०८,००,००० बाइट लागतील. भिन्न आकार ५०० मानले, तर आकारांचे २,००,००० आणि प्रत्येक अक्षराचे स्थान व ४ बाइटचा निर्देश मिळून १२,००,०००, असे एकूण १४,००,००० बाइट पुरतात. स्मृतीची गरज सुमारे २९ पटींनी घटते. हे आकडे गृहीत आहेत; पद्धती मात्र कोठेही लागू करता येईल.

मर्यादा व दक्षता :
१) देवनागरीत संकेत म्हणजे आकार नव्हे. ‘कर्म’, ‘प्रकाश’ व ‘राष्ट्र’ या शब्दांत ‘र’ वेगवेगळ्या रूपांत दिसतो. म्हणून फॅक्टरीची किल्ली संकेतावर नव्हे, तर प्रत्यक्ष रूपावर आधारावी लागते.
२) सामायिक ऑब्जेक्ट अपरिवर्तनीय असावा. प्रात्यक्षिकाच्या तासाला एका विद्यार्थ्याने रंग ऑब्जेक्टमध्येच साठविला होता. शीर्षकातील एक काना तांबडा करताच मजकुरातील सारे काने तांबडे झाले. विभाजन का करावयाचे, हे त्या दिवशी वर्गाला व्याख्येवाचून समजले.
३) जावामध्ये ‘इंटिजर डॉट व्हॅल्यूऑफ’ ही पद्धत -१२८ ते १२७ या संख्यांचे ऑब्जेक्ट सामायिक ठेवते. त्यामुळे ‘==’ ने केलेली तुलना १२७ साठी खरी ठरते, तर १२८ साठी सामान्यतः खोटी ठरते. अशा ठिकाणी ‘इक्वल्स’ वापरणे इष्ट.
४) पुनरावृत्ती अल्प असल्यास शोधाचा खर्चच अधिक होतो.

निष्कर्ष :
ऑब्जेक्टची संख्या मोठी, आकार थोडे व बाह्य स्थिती सहज वेगळी करता येण्याजोगी असेल, तेव्हाच हा आकृतिबंध उपयुक्त ठरतो. अध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून प्रथम स्मृतीचे मापन करून घ्यावे व नंतर आकृतिबंध शिकवावा. जुन्या संगणकांवर चालणाऱ्या प्रयोगशाळांत या मापनाचे महत्त्व विशेष आहे. कारण तेथे वाचलेली स्मृती म्हणजे अडल्याशिवाय पार पडलेले प्रात्यक्षिक होय.